पिल्लाचा रंग आणि सापाचे नाव

बंदिवासात जन्मलेल्या पाळीव सापाच्या पिल्लाचा रंग काही महिन्यांत पालटू लागला, की पाळणाऱ्याच्या मनात बहुधा दोन शंका येतात: प्राणी आजारी तरी असावा, नाहीतर विकणाऱ्याने फसवले तरी असावे. या दोन्ही शंकांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या अंगावर जो रंग असतो तोच त्याचा खरा रंग, आणि पुढे जे काही घडते ते त्या खऱ्या रंगापासून ढळणे, असे ते गृहीतक. सापाच्या शरीरशास्त्रात त्याला फारसा आधार सापडत नाही. ते खरेदी-विक्रीच्या व्यवहारातून आलेले आहे, कारण पाळीव साप बहुतेक वेळा पिल्लूपणीच विकला जातो, त्याचे छायाचित्र त्याच वयात काढले जाते आणि त्याचे नाव व किंमतही त्याच वयातील रंगावरून ठरते. नाव एकदा ठरले की रंगानेही ठरल्यासारखे वागावे, अशी अपेक्षा आपसूकच धरली जाते. असाधारण म्हणून नोंदवली जाणारी बहुतेक रंगांतरे प्रत्यक्षात त्या जातीच्या किंवा त्या वाणाच्या आयुष्यक्रमाचा भाग असतात. त्यांना असाधारणपण येते ते सापाला घाईने दिलेल्या नावामुळे, असा या लेखाचा प्रतिपाद्य विषय आहे.

या मुद्द्याच्या विवेचनासाठी सापाच्या कातडीची रचना थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. सापाचा रंग एका थरात नसतो. कातडीचा बाहेरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, खवल्यांचे कठीण आवरण तयार करतो. त्याखालच्या अंतस्त्वचेत रंगपेशींचे थर एकावर एक रचलेले असतात. सर्वांत वर पिवळी किंवा तांबडी द्रव्ये साठवणाऱ्या पेशी असतात. त्यांतील टेरिडीन नावाची द्रव्ये शरीर स्वतः बनवते, तर कॅरोटेनॉइड ही गाजराला रंग देणाऱ्या कुळातील द्रव्ये आहारातून यावी लागतात. त्यांच्याखाली इरिडोफोर नावाच्या पेशी असतात. या पेशींत रंगद्रव्य मुळीच नसते. त्यांत ग्वानिन या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक असतात आणि त्यांच्या जाडीनुसार व मांडणीनुसार प्रकाशातील ठरावीक छटा, बहुधा निळसर, परतवली जाते. सर्वांत खाली मेलॅनिन या काळ्या-तपकिरी द्रव्याच्या पेशी असतात, ज्या वरून झिरपून आलेला उरलासुरला प्रकाश शोषून घेतात आणि त्यामुळे वरची छटा उठून दिसते. डोळ्याला दिसणारा रंग हा या तिन्ही थरांचा एकत्रित परिणाम असतो. हिरव्या सापांच्या अंगात हिरवे द्रव्य सहसा नसतेच. निळ्या परावर्तनावर पिवळ्या द्रव्याची गाळणी बसली की हिरवा दिसतो, गाळणी काढली की निळा उरतो. ही गोष्ट संग्रहालयातील बरण्यांत प्रत्यक्ष पाहता येते: अल्कोहोलात ठेवलेले हिरवे साप हळूहळू निळे पडतात, कारण पिवळी द्रव्ये विरघळून किंवा विघटित होऊन जातात आणि स्फटिकांची रचना मात्र टिकून राहते.

या रचनेतून एक निष्कर्ष सरळ निघतो. रंग तीन स्वतंत्र थरांवर अवलंबून असेल, त्यांतील प्रत्येक थराची वाढ वेगळ्या गतीने होत असेल आणि एका थराला लागणारी सामग्री अंशतः अन्नातून येत असेल, तर वाढत्या वयाच्या प्राण्याचा रंग स्थिर राहणे हीच खास कारण शोधावे अशी घटना ठरते. या ठिकाणी मराठीतील एका वाक्प्रचाराकडेही सावधपणे पाहायला हवे. कात टाकणे म्हणजे नवे रूप धारण करणे, हा अर्थ भाषेत इतका रुजला आहे की सापाचा नवा रंगही नव्या कातेबरोबर येतो असे सहज वाटते. प्रत्यक्षात टाकलेली कात ही केवळ बाह्यत्वचेचा झिजलेला भाग असते, म्हणूनच ती जवळजवळ पारदर्शक असते आणि तिच्यात मेलॅनिनच्या फिकट खुणांपलीकडे रंग उरत नाही. रंगपेशींचा मुख्य संच तिच्याखाली तसाच शाबूत असतो. कात टाकण्याआधी जुन्या व नव्या थरांमध्ये द्रव साचल्याने साप मळकट दिसतो, डोळे दुधाळ निळसर होतात, पोटाकडची बाजू गुलाबी भासते, आणि कात गळून पडताच रंग झळाळून उठतो. पण तो मूळचाच रंग धुऊन काढल्यासारखा असतो. खरे रंगांतर कातडीच्या आत चालते आणि त्याला कातेची वाट पाहावी लागत नाही.

वयानुसार होणाऱ्या अशा रंगांतराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे न्यू गिनी, त्याच्या भोवतालची बेटे आणि ऑस्ट्रेलियाचे उत्तर टोक या प्रदेशांत राहणारा हिरवा वृक्ष-अजगर. याची पिल्ले पिवळीधमक किंवा विटकरी-तांबडी जन्मतात आणि पुढे हिरवी होतात. काही पिल्लांत हे स्थित्यंतर थोड्याच दिवसांत उरकते, काहींत ते महिनोन्‌महिने रेंगाळते आणि त्या काळात साप ठिगळे लावल्यासारखा दिसतो. ऑस्ट्रेलियातील केप यॉर्क द्वीपकल्पावरील आयर्न रेंज येथे डेव्हिड विल्सन, रॉबर्ट हेनसोन आणि जॉन एंडलर यांनी या रंगांतराचा अभ्यास करून 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या निरीक्षणानुसार हा बदल नर-मादी किंवा ऋतू यांवर अवलंबून नसतो, तो शरीर सुमारे 53 ते 59 सेंटिमीटर लांबीचे झाल्यावर होतो. त्याच सुमारास सापाचे राहणीमानही बदलते. लहान पिल्ले रानाच्या कडेला आणि झाडोऱ्यातील उघड्या जागी, जमिनीजवळ, छोटे सरडे व कीटक यांवर जगतात. मोठे साप घनदाट छताखाली चढतात आणि उंदीर व पक्षी धरू लागतात. उघड्या जागेतील पाचोळा, वाळती पाने आणि उन्हाचे कवडसे यांत पिवळा रंग शिकारी पक्ष्यांच्या नजरेला चुकवतो, तर दाट पानांत हिरवा रंग ते काम करतो. दक्षिण अमेरिकेतील पाचू-बोआ हा साप या अजगराचा निकटचा नातलग नाही, तो मादीच्या पोटातून थेट पिल्ले जन्माला घालणाऱ्या वेगळ्या कुळातील आहे. तरीही त्याची पिल्ले तांबडी-नारिंगी जन्मून हिरवी होतात. दोन वेगळ्या खंडांवर दोन वेगळ्या वंशांनी एकाच अडचणीतून एकच वाट काढावी, यावरून या बदलामागे निवडीचा दाब किती पक्का असावा याची कल्पना येते.

आता हाच अजगर एखाद्या युरोपीय किंवा अमेरिकी शहरातील काचेच्या पेटीत जन्मतो तेव्हा त्याला उघडी जागा नसते, छत नसते आणि शिकारी पक्षीही नसतो. तरी तो हिरवा होतोच. ज्या कारणासाठी हा बदल उत्क्रांत झाला ते कारण भोवतालातून नाहीसे झाले असले तरी बदलाचे घड्याळ शरीरात चालूच राहते, आणि येथेच बंदिवासातील रंगांतराचे खरे वैचारिक वैशिष्ट्य आहे. रानात या बदलाला पार्श्वभूमी असते, म्हणून पाहणाऱ्याला तो अर्थपूर्ण दिसतो. पेटीत पार्श्वभूमी कोरी असल्याने तोच बदल अकारण, आणि म्हणून असाधारण वाटतो. शिवाय पेटीत पिल्लाकडे रोज पाहणारा माणूस असतो. रानात एखादे पिल्लू वर्षभर सलग पाहण्याची संधी फार थोड्यांना मिळते; तेथे पिवळा साप आणि हिरवा साप वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या फांद्यांवर दिसतात आणि त्यांचे एकत्व अनुमानानेच जोडावे लागते.

महाराष्ट्रातील सर्पमित्रांना अशी अनुमाने नेहमीच करावी लागतात. गवत्या सापाच्या पिल्लाच्या मानेवर काळी, बाणाच्या टोकासारखी ठसठशीत खूण व तिच्याभोवती पिवळसर छटा असते, आणि वाढलेल्या गवत्यात ती इतकी पुसट होते की हिरवे अंग तेवढे लक्षात राहते. मांडुळाचे पिल्लू लालसर असून त्याच्या शेपटीवर गडद पट्टे असतात. प्रौढ मांडूळ सलग तपकिरी दिसते. धामणीच्या आणि धूळनागिणीच्या पिल्लांवरचे आडवे पट्टेही वयाबरोबर विरतात. या सापांना पाळण्यास भारतीय कायद्याने मनाई आहे, त्यामुळे त्यांच्या रंगांतराची तक्रार कोणी कोणाकडे केलेली नाही. पण पिल्लू आणि प्रौढ यांना दोन निराळ्या जाती समजण्याची चूक गावोगाव होत आली आहे. ती चूक आणि पाळणाऱ्याची तक्रार या दोन्हींत विचाराची ठेच एकाच जागी लागते.

ही ठेच भारतीय दर्शनांना अपरिचित नव्हती. कच्चा काळपट घडा भट्टीत भाजून तांबडा होतो, तेव्हा नेमके काय बदलते, यावर न्याय आणि वैशेषिक या दोन्ही दर्शनांत मतभेद होता. वैशेषिकांच्या मते उष्णतेने घडा परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि त्यांपासून दुसरा, नवा घडा तयार होतो. या मताला पीलुपाक म्हणतात, कारण पीलू म्हणजे परमाणू. नैयायिकांचे म्हणणे असे की घडा अखंड राहतो आणि त्या अखंड घड्याचाच रंग पालटतो. हा पिठरपाक, पिठर म्हणजे भांडे. नैयायिकांचा एक आक्षेप असा होता की, भट्टीतून काढलेला घडा हा तोच घडा आहे अशी ओळख सर्वांना पटते, त्या ओळखीचे काय करायचे? पाळीव सापांचा बाजार या वादात नकळत वैशेषिकांच्या बाजूला उभा आहे. त्याच्या लेखी पिवळे पिल्लू हा एक माल आणि हिरवा अजगर हा दुसरा. पहिल्याचे पैसे मोजून दुसरा हाती आला तर सौदा मोडल्यासारखे वाटते. जीवशास्त्राची भूमिका पिठरपाकाच्या जवळची आहे, जरी त्यातही एक गंमत आहे: पेशी येत-जात राहतात, द्रव्ये बनत-विरत राहतात, आणि अखंडपणे टिकून राहते ती बदलाची आखणी.

बाजाराला ही भूमिका कशी प्राप्त झाली याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात सापडणारा कॉर्न स्नेक हा निरुपद्रवी, उंदीर खाणारा साप या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे. 1953 मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात या जातीचा एक मेलॅनिनरहित नर रानात सापडला आणि त्याच्या वंशातून 1961 मध्ये बंदिवासात पहिली मेलॅनिनरहित पिल्ले जन्मली. हे संकरप्रयोग करणारे बर्नार्ड बेक्टेल हे पेशाने त्वचारोगतज्ज्ञ होते, आणि सापाच्या कातडीकडे त्यांनी त्वचेच्याच शिस्तीने पाहिले: कोणते द्रव्य नाही, ते कोणत्या नियमाने वंशात उतरते, कोणती पिढी ते लपवून पुढे नेते. पुढे याच पद्धतीने शेकडो रंगवाण निघाले. ठरावीक जनुकीय बदलामुळे पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या अशा रंग-नमुन्याला पाळणारे मॉर्फ म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथन या लहान अजगरात 1990 च्या दशकापासून मॉर्फांची जी लाट आली, तिने हा छंद मोठ्या व्यापारात बदलला. बेक्टेल यांच्यासाठी नाव हे वंशाविषयीचे विधान होते. व्यापारात तेच नाव दिसण्याविषयीचे वचन बनले. या दोहोंतील फरक किरकोळ नाही. वंशाविषयीचे विधान प्राण्याच्या सबंध आयुष्याला लागू पडते, दिसण्याविषयीचे वचन छायाचित्र काढले त्या दिवसापुरते.

कॉर्न स्नेकचीच दोन उदाहरणे हा फरक उघड करतात. तांबडे द्रव्य नसलेल्या वाणाचे पिल्लू राखाडी-काळे जन्मते आणि त्या रंगसंगतीसाठीच घेतले जाते. पण काही काळाने त्याच्या गळ्यावर व हनुवटीखाली पिवळा रंग उतरू लागतो, आणि हा पिवळेपणा आहारातून साठणाऱ्या कॅरोटेनॉइडांशी जोडला जातो. येथे वाण बिघडलेला नसतो, साप फक्त जेवलेला असतो. याच्या उलट ब्लडरेड नावाच्या वाणाचे पिल्लू नावाशी मुळीच जुळत नाही: डोके राखाडी, अंगावर डाग. वयाबरोबर डाग विरतात आणि सलग तांबडेपणा येतो. म्हणजे एकाच बाजारात एक नाव पिल्लूपणाचे वर्णन करते आणि दुसरे प्रौढपणाचे, आणि ग्राहकाने दोन्ही एकाच रीतीने वाचावीत अशी अपेक्षा असते. बॉल पायथनमधील बनाना नावाचा वाण तर आणखी गोंधळात टाकतो. त्याचे पिल्लू स्वच्छ पिवळे व जांभळट असते आणि मोठे होता होता त्यावर काळे ठिपके उठू लागतात. केळ्याशी हे साम्य नाव ठेवणाऱ्यांच्या मनात होते की नाही कोण जाणे, पण पिकत्या केळ्यावर डाग पडतात हे ठाऊक असलेल्या ग्राहकालासुद्धा सापावरचे डाग रोगाचे वाटतात.

या विवेचनावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. नावे उथळ असती, केवळ दिखाऊ असती, तर त्यांच्यामागे ठाम जनुकीय आधार सापडला नसता. आणि तो तर सापडला आहे. कॉर्न स्नेकच्या मेलॅनिनरहित वाणात ओसीए2 या जनुकात एक फिरता डीएनए-तुकडा घुसलेला असल्याचे 2015 मध्ये जिनिव्हा येथील संशोधकांनी दाखवले. त्याच जातीच्या लॅव्हेंडर वाणाचे मूळ एलवायएसटी या जनुकात असल्याचे 2020 मध्ये स्पष्ट झाले, आणि त्यातून सर्व प्रकारच्या रंगपेशींतील कोश मुळात पेशीतील पाचक कोशांच्याच जातकुळीचे असतात, असा व्यापक निष्कर्षही निघाला. बॉल पायथनमध्ये ज्यांना पाळणारे आधीपासून अल्बिनो, लॅव्हेंडर अल्बिनो आणि अल्ट्रामेल अशा तीन वेगळ्या नावांनी ओळखत होते, त्यांच्यात अनुक्रमे टीवायआर, ओसीए2 आणि टीवायआरपी1 अशी तीन वेगळी जनुके बिघडलेली आढळली. हे संशोधन 2022 मध्ये मिशिगन राज्यातील एका विद्यापीठातून प्रसिद्ध झाले आणि त्यासाठी लागणारा डीएनए पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या कातींमधून मिळवला गेला. टाकून दिलेल्या कातेत रंग उरत नाही, पण रंगाचा हिशेब उरतो, हे यातले विशेष. पाळणाऱ्यांची नजर तयार होती आणि त्यांनी केलेले वर्गीकरण प्रयोगशाळेत टिकले, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. परंतु हा आक्षेप मूळ मुद्द्याला धक्का लावत नाही, उलट तो नेमका करतो. टिकला तो वंशाचा भेद. जनुक तेच राहून दिसणे बदलत जाते, आणि एका जनुकाचे काम एका रंगापुरते क्वचितच असते.

या शेवटच्या विधानाची सर्वांत कठोर साक्ष स्पायडर नावाच्या बॉल पायथनमध्ये मिळते. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असलेला हा वाण 1999 पासून बंदिवासात पैदा केला जातो. त्याचा रंग फसवत नाही. पिल्लाचा नमुना ओळखता येतो आणि ग्राहकाला हवे तेच मिळते. मात्र या वाणाच्या सापांचे डोके डुलते, ते मागे वळून वर पाहत राहतात, भक्ष्यावर झेप घेताना त्यांचा नेम चुकतो. 2022 मध्ये जर्मन संशोधकांनी सूक्ष्म क्ष-किरण प्रतिमांच्या साह्याने केलेल्या, मोजक्याच सापांवरील अभ्यासात या वाणाच्या आतील कानाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची, घडण बिघडलेली आढळली. रंगपेशी गर्भावस्थेत ज्या चेता-शिखा नावाच्या पेशीसमूहातून निघतात, त्याच समूहाचा कान व मज्जासंस्था यांच्या घडणीतही वाटा असतो, त्यामुळे रंगाचा बदल आणि तोलाचा बिघाड एकत्र येण्यात जीवशास्त्रीयदृष्ट्या नवल नाही. नवल वाटावे ते दुसऱ्या गोष्टीचे: ज्या बाजारात निरोगी पिल्लाचा पिवळा रंग हिरवा झाला तर तक्रार होते, त्याच बाजारात डोके डुलणारा पण रंग न बदलणारा साप वर्षानुवर्षे निर्दोष माल म्हणून खपला. दोष कशाला म्हणायचे याची फूटपट्टी केवळ डोळ्यांच्या हाती दिली की असेच होणार.

खरोखर चिंता करावी असे रंगबदल अर्थातच असतात, आणि त्यांची ओळख रंगापेक्षा त्यांच्या जागेवरून व वेळेवरून अधिक पटते. वयानुरूप बदल बहुधा अंगभर, दोन्ही बाजूंनी सारखा आणि सावकाश पसरतो, आणि साप खात-वाढत असतो. पोटाच्या खवल्यांवर कात येण्याआधीची सलग गुलाबी छटा ही सामान्य बाब. त्याच खवल्यांवर रक्ताचे बारीक ठिपके दिसणे किंवा लालसरपणा कातेनंतरही न ओसरणे हे रक्तात जंतुसंसर्ग झाल्याचे लक्षण असू शकते. तापत्या पृष्ठभागावर भाजल्याने पडलेला डाग एका बाजूला, कडा स्पष्ट असलेला असतो. ओल्या बिछान्यामुळे खवल्यांखाली फोड येतात आणि ते तपकिरी पडतात. रात्री काहीसा फिका आणि दिवसा गडद दिसणारा बोआ मात्र आजारी नसतो. त्याच्या मेलॅनिनपेशींवर संप्रेरकांचा अंमल असतो. हिरव्या वृक्ष-अजगराची मादी गाभण असताना कधी कधी निळसर होते, तेही असेच.

निळ्या रंगाचा उल्लेख आला म्हणून नावांचा आणखी एक पैलू नोंदवणे आवश्यक आहे. या अजगराला 1872 मध्ये श्लेगेल यांनी हिरवा या अर्थाचे व्हिरिडिस हे लॅटिन नाव दिले. त्याच दशकात मायर यांनी निळा या अर्थाचे अझुरियस हे नाव योजले. दीर्घकाळ दुसरे नाव पहिल्यात विलीन मानले गेले, आणि 2020 मध्ये जनुकीय पुराव्यावरून न्यू गिनीच्या मध्यवर्ती पर्वतरांगेच्या उत्तरेकडील साप वेगळी जाती ठरल्यावर निळाईचे नाव त्यांच्यासाठी पुन्हा वापरात आले. हिरवी जाती आणि निळी जाती असे म्हटल्याने दोहोंचे रंग वेगळे असावेत असे वाटेल, पण प्रौढपणी दोन्ही प्रामुख्याने हिरव्याच. रंगावरून नाव ठेवण्याचा मोह व्यापाऱ्यांनाच होतो असे नाही, हे यावरून दिसते. कोफियाऊ बेटावरील साप प्रौढपणीही पुष्कळसे पिवळे राहतात, आणि हा पिवळेपणा टिकवून ठेवणारे वाण पैदाशीतून काढण्याचा प्रयत्न बंदिवासात झाला आहे. याला जीवशास्त्रात बालरूप-धारण म्हणता येईल: शरीर प्रौढ, पण एक लक्षण पिल्लूपणीचे. बाजाराला रंगाची वाढ खुंटलेली आवडते, असा याचा सरळ अर्थ.

हाच बाजार बंदिवासात जन्मलेला या शब्दांवरही विसंबतो, आणि ते शब्द रंगाइतकेच फसवे ठरू शकतात. वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे साइट्समध्ये, प्राण्याच्या उगमासाठी अक्षरी खुणा आहेत: बंदिवासातच वाढलेल्या आई-बापांची संतती निराळी, रानातील अंडी किंवा पिल्ले आणून वाढवलेले प्राणी निराळे, थेट रानातून पकडलेले निराळे. पश्चिम आफ्रिकेतून जगभर जाणाऱ्या बॉल पायथनच्या पिल्लांत रानातून आणलेल्या अंड्यांतून किंवा गाभण माद्यांपासून मिळवलेल्या पिल्लांचा वाटा मोठा राहिला आहे. इंडोनेशियातील हिरव्या वृक्ष-अजगरांविषयी जेसिका लायन्स आणि डॅनियल नातुश यांनी 2009 ते 2011 या काळात मालुकू, पश्चिम पापुआ व पापुआ या प्रांतांत पाहणी करून 4,227 बेकायदा पकडलेल्या सापांची नोंद केली, आणि निर्यातीच्या केंद्रांपर्यंत माग काढून असा निष्कर्ष मांडला की, पैदास-केंद्रांतले म्हणून बाहेर जाणाऱ्या या अजगरांपैकी किमान 80 टक्के साप प्रत्यक्षात रानातले होते. पिवळे किंवा तांबडे पिल्लू लहान असल्याने पैदास-केंद्रात जन्मल्यासारखे सहज दिसते, आणि हौशी ग्राहकाची पसंतीही त्यालाच. पण पिवळा रंग सापाचे वय सांगतो, उगम सांगत नाही. ज्या पिल्लाच्या रंगांतराविषयी शेवटचा मालक चिंतित असतो, ते पिल्लू कदाचित पेटीत जन्मलेलेच नसते. मग बंदिवासामुळे रंग बिघडला की काय हा प्रश्नच निराधार होतो.

भारतात हा विषय आजवर हौशी वर्तुळापुरता होता, पण आता तो कागदपत्रांचा विषय झाला आहे. डिसेंबर 2023 मध्ये बँकॉकहून मुंबईला आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून, बिस्किटे व केक यांच्या पुड्यांत दडवलेले 9 बॉल पायथन आणि 2 कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांनी जप्त केले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि तिने साइट्सच्या परिशिष्टांतील परदेशी प्रजातींचा कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत समावेश केला. अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी कशी करायची याचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये आले. अजगर या व्यवस्थेत येतात. कॉर्न स्नेक साइट्सच्या परिशिष्टांत नसल्याने तिच्याबाहेर राहतो. नोंदणीच्या कल्पनेला विरोध करण्याचे कारण नाही, पण छायाचित्र आणि वर्णन यांवर विसंबणाऱ्या कोणत्याही नोंदवहीपुढे वृक्ष-अजगराचे पिल्लू एक अडचण उभी करील: ज्याची नोंद पिवळा म्हणून झाली तो वर्षाने हिरवा दाखवला गेला, तर तपासणाऱ्या अधिकाऱ्याने तोच साप मानायचा की बदललेला माल? न्याय-वैशेषिकांचा घडा येथे वनखात्याच्या टेबलावर येऊन बसतो.

याचे उत्तर रंगात नाही, तसे ते रंगात शोधण्याची गरजही नाही. लिनियस यांनी अठराव्या शतकात सापांच्या जातींचे वर्णन करताना पोटावरील रुंद खवल्यांची आणि शेपटीखालील खवल्यांची संख्या मोजून नोंदवली. ही संख्या अंड्यातून बाहेर पडताना ठरलेली असते आणि आयुष्यभर तीच राहते, साप कितीही वाढला तरी. अर्थात एकाच जातीच्या दोन सापांत ती सारखी असू शकते, म्हणून व्यक्तिगत ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली सूक्ष्म चिप, किंवा टाकलेल्या कातेतला डीएनए, यांची जोड द्यावी लागेल. कात फुकट मिळते, तिच्यासाठी सापाला सुई टोचावी लागत नाही, आणि पिल्लूपणीची एक कात वाळवून कागदाच्या पाकिटात जपून ठेवली तर पुढे हिरव्या झालेल्या सापाची कात तिच्याशी ताडून पाहता येते.